गोठ्यातल्या खिळ्यावरचं पातेलं

नवसागराचा धूर नाकात गेला की डोळ्यांत पाणी येतंच. त्यामुळे लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, कलईवाल्या मामांच्या भट्टीसमोर उभी असताना मी डोळे पुसले, तेव्हा कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मला ते बरं वाटलं.

मामांनी पातेलं हातात घेतलं, उलटं केलं, बुडावर टिचकी मारली. बाहेरून काजळीचा जाड थर. आतली कलई जागोजागी उडालेली आणि खालचं तांबं उघडं पडलेलं. कडीत कडब्याची एक काडी अडकली होती. ती त्यांनी काढून टाकली आणि विचारलं, "गोठ्यात व्हतं का हे?"

मी हो म्हणाले.

"मग आता कशाला कलई करायलीस?"

"माय म्हणते, आत घ्यायचंय."

आमच्याकडच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. मामा भाता हलवू लागले, कोळसे लाल होत गेले, आणि पातेल्याच्या अंगावरची इतक्या वर्षांची काजळी तापून तिचा वास सुटला. पण मला मात्र त्या गल्लीत उभ्या उभ्या शेपूचा वास येत होता. बारीक चिरलेला, ओला, हिरवा शेपू. आणि त्याच्या मागून वाफेचा, तांदळाचा, दुधात भिजलेल्या केशराचा.

शेपू मला लहानपणी अजिबात आवडायचा नाही. आमच्या घरी तो मुगाच्या डाळीत पडायचा आणि मी ताटाच्या कडेला सारून ठेवायचे. हाच शेपू भातात पडला की वेगळा होतो, हे मला नांदेडला कळलं.

नांदेडच्या कॉलेजात नंबर लागला, पण हॉस्टेल मिळालं नाही. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या आमच्या गावातून एवढ्या लांब शिकायला कुणी मुलगी गेली नव्हती, आणि आमच्या घरातलं तर कुणी कॉलेजची पायरीच चढलं नव्हतं. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीचे एक एस.टी. कंडक्टर होते. लातूर-नांदेड गाडीवर त्यांची ड्युटी असायची. नदीपासून जरा आत, एका अरुंद गल्लीत त्यांचं घर होतं आणि वरची खोली रिकामी होती. दादा म्हणाले, "बाईमानूस घरात हाय, पोरीला एकटं वाटनार न्हाई." मायनं माझ्या पिशवीत भाकरी, शेंगाची चटणी आणि एक तांब्या भरला. तांब्या आणि पेला घरचाच असू दे, एवढंच म्हणाली.

कंडक्टरांना मी चाचा म्हणायचे. त्यांच्या बायकोला खरं तर चाची म्हणायला हवं, पण सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही आपाच म्हणू लागले. आपा मूळच्या हैदराबादच्या. त्यांचे आजोबा इराणातून आले आणि हैदराबादेत त्यांनी चहाचं हॉटेल टाकलं. आपांनी इराण कधी पाहिलं नव्हतं. तिकडचे थोडे शब्द, मेंदी लावून लाल केलेले केस आणि आजीनं शिकवलेला एक भात, एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. गल्लीतल्या लोकांसाठी तो इराणी पुलाव. आपा नुसतं 'पोलो' म्हणायच्या.

तो भात शुक्रवारी व्हायचा. मी कॉलेजातून आले की जिन्यातच वासावरून कळायचं, काम कुठवर आलंय. आधी कांदा, मग दह्यात मुरवलेली कोंबडी, मग काहीच नाही. ते काहीच नाही म्हणजे तांदूळ उकळत असायचे. कणी बाकी असतानाच आपा ते चाळणीत ओतायच्या आणि वाफेत त्यांचा चेहरा दिसेनासा व्हायचा. मग पातेल्याच्या तळाला तेल, त्यावर बटाट्याच्या पातळ चकत्या, अंगणात फरशी बसवावी तशा जवळ जवळ लावलेल्या. त्यावर भाताचा थर, मग गाजर, घेवडा, वाटाणे, पुन्हा शेपू मिसळलेला भात, मग कोंबडी, मग पुन्हा भात. वरून केशराचं पाणी. हैदराबादची बहीण एका जुन्या डबीत सुकलेली लाल आंबट फळं पाठवायची, मुंगीएवढी. ती आपा मोजक्याच चिमटीनं टाकायच्या, आणि टाकताना श्वास रोखून धरायच्या. मग पळीच्या दांड्यानं भातात भोकं पाडायची. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "श्वास घेऊ दे की बिचाऱ्याला."

शेवटी झाकण. झाकणाला चाचांचा चौकड्याचा मोठा रुमाल, त्यांची दस्ती, बांधायची, म्हणजे वाफेचं पाणी परत भातावर पडत नाही. चाचा दर शुक्रवारी आपली दस्ती शोधत घरभर फिरायचे आणि दर शुक्रवारी आपा म्हणायच्या, "दम पे है." मी हसायचे. आता आठवलं तरी हसू येतं, आणि लगेच दुसरं काही आठवतं.

पातेलं परातीत उलटं केलं की बटाट्याच्या चकत्या वर यायच्या, सोनेरी, कडक, एकमेकींना चिकटून एक गोल भाकर झालेल्या. त्याला तहदीग म्हणायचं. गल्लीतली पोरं खुरचन म्हणायची. तहदीग वाटण्याचा आपांचा एक नियम होता. मधला तुकडा पाहुण्याचा. पहिल्या शुक्रवारी तो माझ्या ताटात आला. मी सावकाश खाल्ला, कारण आवाज फार होत होता आणि मला लाज वाटत होती. पुढच्या शुक्रवारी मला काठाचा तुकडा मिळाला. मी चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "अब तू मेहमान नहीं रही, समज." काठाचा तुकडा जरा करपलेला असतो. तोच मला आवडू लागला.

घरचा तांब्या-पेला मी कधी वापरणं बंद केलं, ते मला आठवत नाही. तो खिडकीत होता. त्यात आपांनी पुदिना लावला.

मग माय येणार म्हणून फोन आला. संक्रांत होऊन गेली होती. तिला मी कुठं राहते ते बघायचं होतं. आपांना इतका आनंद झाला की त्यांनी पडदे धुवायला काढले. काय करू, भाभी काय खातात, असं विचारू लागल्या. मी सांगितलं, माय माळकरी आहे, मटण-कोंबडी तिला चालत नाही. "मग भाजीचा करते," त्या लगेच म्हणाल्या. "शेपू जास्त घालते."

त्या तांदूळ निवडत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मान वर न करता विचारलं, "अन् आमच्या भांड्यातलं चालतं का त्यांना?"

हो म्हणणं खोटं झालं असतं, आणि नाही हा शब्द त्या स्वयंपाकघरात माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्या घरात मी काठाचे तुकडे खात होते. मी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. जणू काही विचारलंच नव्हतं, तशा आपा निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी आले तर ओट्यावर हे पातेलं होतं.

नवं कोरं. बाहेरून तांबं असं लाल की खिडकीतला उजेड त्याच्यावर पडून भिंतीवर हलत होता. आत चांदीसारखी कलई. आपा म्हणाल्या, "ह्याच्यात अजून पाणी बी नाही तापवलेलं. भाभींना सांगू नको बेटा. सांगितलं की उपकार होतो. नुसतं जेवू दे."

माय आली ती मुरुडहून लातूर, लातूरहून नांदेड अशी दोन गाड्या बदलून. इरकली लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. आपांनी तिला खुर्ची दिली, ती खाली बसली. मग आपाही खाली बसल्या. दोघींचं बोलणं बरं चाललं होतं. आपांनी गुडघ्यांचं विचारलं, मायनं सोयाबीनचं सांगितलं. मायला आपांची अर्धी भाषा कळत नव्हती आणि आपांना मायची, तरी दोघी एकमेकींना हाव हाव म्हणत होत्या. मला वाटलं, जमलं.

मग आपांनी परात आणली. पातेलं तिच्यावर पालथं घातलं, एकदा थोपटलं आणि उचललं. इतकी सुंदर तहदीग मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. एकही चकती हलली नव्हती. आपांनी मधला तुकडा सुरीनं कापला आणि मायच्या ताटात ठेवला.

मायनं हात जोडले. "आज माजा उपास हाय," ती म्हणाली.

बुधवार होता. एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती. चाचा भिंतीकडे पाहू लागले. तिथं कॅलेंडर होतं, पण ते कॅलेंडर पाहत नव्हते, हे मला कळत होतं. आपा म्हणाल्या, "अरे, मला माहीतच नव्हतं," आणि उठून केळी घेऊन आल्या. दूध घेऊन आल्या. मायनं एक केळ खाल्लं. पाणी आपल्या पिशवीतल्या बाटलीतून प्याली.

माझ्या तोंडाशी एक वाक्य येऊन थांबलं होतं. माय, पातेलं कोरं आहे, तुझ्यासाठीच आणलंय. एवढंच म्हणायचं होतं. कदाचित ती जेवली असती. पण ते वाक्य त्या ताटांसमोर, आपांसमोर कसं म्हणायचं? कोरं आहे म्हणून खा, असं म्हटलं की बाकीच्या सगळ्या भांड्यांचं काय, ते आपोआप म्हटलं जातं. त्याच भांड्यांतलं मी दर शुक्रवारी खात होते. मी खाली मान घालून भात खाल्ला. मला मायची लाज वाटत होती. आपल्याच आईची लाज वाटणं कसं असतं, हे मला नीट सांगता येत नाही. ती समोर बसलेली असते, थकलेली असते, दोन गाड्या बदलून आलेली असते, आणि आपल्याला वाटतं की तिनं लवकर निघावं.

निघताना आपांनी पातेलं घासून, फडक्यात बांधून तिच्या हातात दिलं. "भाभी, हे तुमचंच आहे. घरी न्या." माय नको नको म्हणाली, मग घेतलं. गाडी सुटली तेव्हा ते तिच्या मांडीवर होतं आणि तिचे दोन्ही हात त्याच्यावर.

मधला तुकडा दुसऱ्या दिवशीही ताटलीत झाकलेला होता. वातड झाला होता. आपांनी तो कुस्करून गच्चीच्या कठड्यावर चिमण्यांना टाकला. त्या शुक्रवारी भात झाला, पण काठाचा तुकडा मागायचा मला धीर झाला नाही.

आता आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे मटण घरात शिजत नाही. गोठ्याच्या पुढं तीन दगडांची चूल आहे, तिथं दादा शिजवतात. बायका त्या चुलीकडे फिरकत नाहीत. एक पळी, काही जर्मनच्या ताटल्या, एक भगुनं, ही बाहेरची भांडी. ती गोठ्यातल्या खिळ्यांवर असतात, दोरखंड आणि वैरणीच्या विळ्याशेजारी. बाहेर जेवायचं, बाहेर चूळ भरायची, मग घरात यायचं. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट मजा वाटायची. तारे दिसायचे, म्हशी रवंथ करायच्या, दादा गाणं म्हणत रस्सा हलवायचे.

त्या वर्षी सुट्टीला घरी गेले आणि चारा टाकायला गोठ्यात शिरले, तर आपांचं पातेलं खिळ्यावर होतं. बूड काळं झालेलं.

मी तिथंच उभी राहिले. म्हशीनं माझ्या हातातला कडबा ओढून घेतला. मुसलमानाच्या घरचं भांडं म्हणून ते बाहेर गेलं होतं, एवढं सरळ होतं ते. आणि घरातल्या सगळ्या भांड्यांत तेच एक भांडं असं होतं, जे फक्त मायसाठी घेतलेलं, तिच्यासाठी मुद्दाम शुद्ध ठेवलेलं. मायला सांगावं असं वाटलं. पण सांगू नको असं आपांनी बजावलं होतं. शिवाय सांगितलं असतं तर काय झालं असतं? आता त्याच्यात कोंबडी शिजली होती. आता ते खरंच बाहेरचं झालं होतं.

पुढच्या थंडीत हुरडा आला. दादांनी चाचांना फोन करून करून बोलावलंच. पोरगी तुमच्या घरात राहते, तुम्ही आमच्या शेतात एक दिवस येणार नाही का, असं. चाचा आणि आपा आले. ज्वारी उभी होती, थंडीत दव अजून पानांवर होतं. आगटीत कणसं भाजली, हातावर चोळली, गूळ, शेंगाची चटणी. आपांच्या हातांना राख लागली होती आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. मी विसरून गेले होते.

दुपारी आम्ही घराकडे आलो. पाहुण्यांसाठी दादांनी गावरान कोंबडा कापला होता. गोठ्यापुढच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं. दादांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "आपा, वळखलं का? तुमचंच भांडं," ते म्हणाले. "ह्याच्याबिगर आमच्या कोंबडीला आता चवच न्हाई बघा."

दादांना खरंच वाटत होतं की हा मान आहे. पाहुण्यांनी आपलं भांडं ओळखावं, त्यांना बरं वाटावं. दादांना काहीच माहीत नव्हतं.

आपा पातेल्याकडे पाहत राहिल्या. त्याच्यामागं खिळा दिसत होता. खिळ्याशेजारी विळा. माय दारात कांदा-लिंबाची ताटली घेऊन उभी होती, चुलीपासून लांब. मला वाटलं आता बोललंच पाहिजे. मी म्हणाले, "माय, ते पातेलं..."

आपांनी माझं मनगट धरलं. जोरानं नाही. "भाई, मिरची जास्त वाटायली," त्या दादांना म्हणाल्या. "बघू द्या जरा." आणि भाकरीचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला, खाल्ला, डोळे मिटले. "नाही, बरोबर आहे." मग मायकडे वळून म्हणाल्या, "भाभी, बाहेर ठेवलं ते बरं केलं. वारा लागतो."

मायनं पदर सारखा केला आणि खाली पाहिलं. तेव्हा मला वाटलं, तिला काही कळलंच नाही. त्या दिवशीची सगळ्यात मोठी लाज मला त्याचीच वाटली होती.

गाडीपर्यंत पोचवायला मी गेले. बांधावरून चालताना आपा म्हणाल्या, "मायला बोलू नको. ती झोपणार नाही मग." त्यांच्या नखांत अजून आगटीची राख होती.

मी बोलले नाही. वर्षं गेली. चाचांची तब्येत बिघडली, मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. घर दुसऱ्या कुणी घेतलं. एकदा नांदेडला गेले तेव्हा त्या गल्लीतून चालत गेले, तर जिन्याला निळा रंग दिलेला, वरच्या खिडकीत कुलर. शुक्रवार होता. दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातून कांदा तळल्याचा वास येत होता आणि मी त्या वासाखाली जरा वेळ उगीच उभी राहिले. आता मी लातूरला एम.एस्सी. करते. घरी महिन्यातून एकदा जाते. गेले की गोठ्यात जाणं टाळते.

गेल्या खेपेला मात्र जावं लागलं. माय दिसत नव्हती, म्हणून शोधत गेले. ती गोठ्याच्या दारात बसून हे पातेलं घासत होती. चिंच आणि राख घेऊन. ज्या चुलीकडे ती फिरकत नाही, त्या चुलीचं भांडं. मी म्हणाले, हे तू घासतेस?

"दर खेपंला मीच घासते. तुजा बाप काळंच टांगतो."

मी तिच्या शेजारी बसले. विचारलं, एवढं कशाला घासतेस, बाहेरचंच तर आहे.

माय घासत राहिली. मग म्हणाली, "हे कोरं व्हतं ना गं?"

मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"गाडीत मांडीवर व्हतं," ती म्हणाली. "अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तवा फडकं सोडून बघितलं. आत एक वरखडा न्हाई. बूड लालबुंद. एकडावच जाळ लागल्यालं भांडं मला कळत न्हाई व्हय? त्या बाईनं माज्यासाटी नवं भांडं आनलं, अन् मी तिला उपास हाय म्हनले."

मग गोठ्यात का टांगलं, मी विचारलं.

तिनं हात थांबवला. चिंचेचा चोथा तिच्या बोटांतून ओघळत होता.

"आत ठिवलं असतं तर रोज दिसलं असतं," ती म्हणाली.

म्हैस मान हलवत होती, गळ्यातली घंटा वाजत होती. मी इतकी वर्षं त्या खिळ्याची लाज बाळगली होती, आणि ती खिळ्यामागं आपली लाज लपवून बसली होती. दारात ताटली घेऊन ती उभी होती, तेव्हा तिला सगळं कळत होतं. मायला काही कळत नाही, असं मी एवढे दिवस धरून चालले होते. कॉलेजला मी गेले होते म्हणून, कदाचित.

"त्याला कलई करून आन," ती उठत म्हणाली. "आगीतून निघालं की भांडं कोरंच असतं."

भट्टीवर मामांनी तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला. पांढरा धूर उठला. कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं त्यांनी एक हात मारला, आणि काळ्याच्या जागी एकदम चकाकी पसरली. मग ते पाण्यात बुडवलं, चर्र झालं. मी आत डोकावले. माझा चेहरा वेडावाकडा दिसला.

त्याच संध्याकाळी मी आपांना फोन केला. बटाट्याच्या चकत्या आधी तेलात परतायच्या की नाही, ते विचारायला. त्यांनी आधी ओरडून घेतलं की एवढ्या दिवसांनी आठवण आली. मग विचारलं, कुणासाठी करते आहेस.

"मायसाठी," मी म्हणाले. "तुमच्या त्या पातेल्यात."

पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग आपा म्हणाल्या, "नमक हात राखून टाक. अन् झाकणाला धुतलेली दस्ती बांध."

रविवारी मी भात केला. आतल्या स्वयंपाकघरात, गॅसवर. फक्त भाज्यांचा. शेपू आमच्याच रानातला. केशर थोडं होतं, ती लाल आंबट फळं नव्हती, त्याऐवजी मी मनुका टाकल्या. दादांची दस्ती घेतली. ते दारातून डोकावून म्हणाले, "भांडं तुमी आत नेलं, आता मी कोंबडी कशात शिजवू? टोपीत?" माय हसली नाही. ती देवघराच्या भिंतीला टेकून बसली होती, पातेल्याकडे बघत.

परातीत उलटं केलं तेव्हा अर्ध्या चकत्या तळालाच राहिल्या. माझ्या हाताला आपांच्या हाताची सर नाही. पण मधला भाग आला, बराचसा सोनेरी. तो मी कापला आणि मायच्या ताटात ठेवला. मधला तुकडा पाहुण्याचा असतो, हे मी तिला सांगितलं.

"मी कुठं पाहुनी?" ती म्हणाली.

"हा त्या दिवशीचा आहे," मी म्हणाले.

मायनं ताट जवळ ओढलं. उजव्या हातानं तुकडा मोडला, त्याचा आवाज झाला. डाव्या हातानं पदर तोंडावर घेऊन, कुणी बघू नये असं, तिनं तो खाल्ला. चावायचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग तिनं पदर खाली केला. ताटातल्या उरलेल्या तुकड्याकडे पाहत म्हणाली, "हे तवाच गरम गरम खायाला पायजे व्हतं."